आमच्या सरासरीला पाणी लागलं

"तुमचे बेंचमार्क काय आहेत?" असं विमा कंपनीच्या मॅडमनी फोनवर विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "आहेत की! गोदामात असतील. मेहुण्याला बघायला सांगतो."

यात माझं नेमकं काय चुकलं हे मला आजही पटलेलं नाही. आमच्या धंद्यात रोज नवी यंत्रं निघतात आणि त्यांची नावं अशीच असतात. कुणाच्या घरात पाइप फुटला, टाकी वाहिली, नळ उघडा राहिला, की तिथे जाऊन पाणी उपसायचं आणि घर पुन्हा कोरडं करून द्यायचं, हा आमचा धंदा. मी, माझा मेहुणा, एक गाडी, पंप, मोठे पंखे आणि हवेतला ओलावा ओढून घेणारी यंत्रं, एवढा पसारा. फोन माझी बायको घेते, कारण लोक रडत फोन करतात आणि मला रडणाऱ्याशी बोलता येत नाही. मीही रडायला लागतो, मग पत्ता लिहून घ्यायचा राहून जातो.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "बेंचमार्क म्हणजे मापदंड. फोन आल्यापासून तासाभरात पोचता का? घर तीन दिवसांत वाळतं का? सामान दुरुस्त करत बसता की बदलून मोकळे होता? ग्राहक किती खूश असतात? सगळ्या चांगल्या कंपन्यांची सरासरी आमच्याकडे आहे. तुम्ही त्या सरासरीत बसलात तरच यापुढे आमचं काम मिळेल. आमचा पाहणी अधिकारी गुरुवारी येईल. त्याला एक चालू काम दाखवा."

आम्हाला मिळणारं बहुतेक काम याच विमा कंपनीकडून येत होतं. ते थांबलं तर मी आणि मेहुण्याने एकमेकांवर पाणी ओतून एकमेकांना वाळवत बसणं, एवढाच उद्योग उरला असता. पण मला खरा राग त्याचा आला नाही. राग आला तो 'सरासरी' या शब्दाचा. शाळेत मी सरासरी होतो, लग्नाच्या बाजारात सरासरी होतो, क्रिकेटमध्ये तर सरासरी हा शब्दही माझ्यापर्यंत पोचत नव्हता. एवढं एकच काम मी असं करत होतो की लोक दारापर्यंत सोडायला येत. तिथेही ही सरासरीची बया आडवी आली.

"बसत नाही जा त्यांच्या सरासरीत!" मी फोन ठेवून गरजलो.

"गरजायचं ते फोन ठेवायच्या आधी गरजावं," बायको म्हणाली. "आता बसा."

म्हणजे सरासरीत.

आमच्या समोरच्या घरात टक्केकाका राहतात. सरकारच्या सांख्यिकी खात्यातून निवृत्त झालेत. बाहेर पाऊस पडतोय का असं विचारलं तर खिडकीतून हात बाहेर काढतात, हात भिजतो, तो पुसतात आणि "शक्यता बऱ्यापैकी आहे" असं सांगतात. भिंती पातळ असल्यामुळे माझी गर्जना त्यांना ऐकू गेली होती. ते चप्पल न घालताच आले.

"मापदंड म्हणालास ना? कुणाला बोलावू नकोस. मी आहे."

मी कुणालाच बोलावणार नव्हतो. त्यांनाही बोलावलं नव्हतं. पण संध्याकाळपर्यंत आमच्या हॉलच्या भिंतीवर रंगीत आलेख लागला आणि माझ्या आयुष्याची लाल रेघ हिरव्या रेघेच्या खाली वाहू लागली. हिरवी रेघ कुणाची, असं मी विचारलं. "आदर्श माणसाची," काका म्हणाले. तेव्हापासून बायको येता-जाता त्या हिरव्या रेघेकडे बघायला लागली, हे मला आवडलं नाही.

काकांच्या मते आमचं पहिलं दुखणं म्हणजे पोचायला लागणारा वेळ. त्यावर औषध, सराव. दुसऱ्या दिवशी मेहुण्याला गोदामात बसवलं आणि इकडून बायकोने फोन लावला.

"नमस्कार, माझ्या घरात पाणी शिरलंय, लवकर या."

"ताई? कुणाच्या घरात?"

"समज, आपल्याच."

"आपल्या घरात पाणी शिरलंय आणि तू 'नमस्कार' काय म्हणतेस!"

मेहुणा मनाने फार चांगला आहे. 'समज' हा शब्द त्याने ऐकलाच नाही. तो निघाला तो वाऱ्यासारखा, आणि आमच्याकडे वर येण्याआधी शहाण्या माणसासारखा तळमजल्यावर गेला आणि त्याने सबंध इमारतीची पाण्याची मुख्य चावी बंद करून टाकली. घाईत ती इतकी घट्ट फिरवली की परत फिरेना. सकाळची वेळ होती. प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी साबण लावून उभं होतं. पुढचा अर्धा तास जिन्यातून जे लोक आले ते सगळे पांढरे होते आणि सगळे मला शोधत होते.

इमारतीचे सेक्रेटरी तर टॉवेलवर आले. टॉवेल नेसलेल्या माणसाला आवाज चढवताना दोन्ही हात मोकळे नसतात, त्यामुळे ते खूप बोलले नाहीत. पण दुपारी त्यांनी मुख्य चावीच्या पेटीला कुलूप ठोकलं आणि त्याची किल्ली स्वतःच्या खिशात घातली. "यापुढे," ते म्हणाले, "या इमारतीतलं पाणी माझ्या परवानगीशिवाय बंद होणार नाही." हे वाक्य मी त्या वेळी अपमान म्हणून गिळलं.

आता पोचणं जमलं, पण पोचायचं कुठे? गुरुवार तोंडावर आला आणि शहरात एकही घर भिजेना. एरवी रोज कुठे ना कुठे पाइप फुटायचा. त्या आठवड्यात सगळ्या गावाचे नळ जणू एकमेकांना शपथ घालून बसले होते. दुसऱ्याच्या घरात पाणी शिरावं म्हणून वाट बघणं हे सभ्य माणसाला शोभत नाही, म्हणून मी तोंडाने काही बोललो नाही. फक्त पाणीपुरवठा कार्यालयात जाऊन चौकशी केली.

खिडकीतल्या साहेबांनी चष्मा वर केला. "काय पाहिजे?"

"नाही, म्हटलं, या दोन दिवसांत कुठे पाइप फुटण्यासारखा आहे का?"

"फुटलाय?"

"नाही. फुटणार असेल तर."

"फुटायच्या आधी तक्रार घेता येत नाही."

"तक्रार नाही हो. नुसती माहिती."

त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या माणसाला हाक मारली. "अहो, हे गृहस्थ पाइप कुठे फुटणार ते विचारतायत." मग दोघांनी मिळून माझ्याकडे असं पाहिलं, की मी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. चुकून हातोडा तर आणला नव्हता ना! मला दोनदा नाव, पत्ता आणि व्यवसाय विचारला. व्यवसाय ऐकल्यावर तिसऱ्यांदा विचारला. मी मान ताठ ठेवून बाहेर पडलो. ताठ मानेमुळे पायरी दिसली नाही, ते वेगळं.

शेवटी टक्केकाकांनीच तोडगा काढला. आमचीच मागची खोली भिजवायची. "खरी गळती आणि केलेली गळती, ओलाव्याला फरक कळत नाही," ते म्हणाले. "फक्त प्रमाण प्रातिनिधिक हवं. अर्धं बोट पाणी."

बायको कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "म्हणजे लोकांची घरं कोरडी करता करता आपलं ओलं करायचं?"

"धंद्यासाठी थोडी झीज सोसावी लागते."

"झीज नाही हो, गळती." पण तिने खोलीतलं सामान काढलं. ही माझी बायको. टोमणा मारते, पण कपाटाचं दुसरं टोक उचलते.

गुरुवारी सकाळी बाथरूमच्या नळाला रबरी नळी लावून मेहुण्याने मागच्या खोलीत पाणी सोडलं. मी दारात उभा राहून बोटाने पाण्याची खोली मोजत होतो. तेवढ्यात हॉलमधला फोन वाजला. विमा कंपनीच्या मॅडमच होत्या. अधिकारी निघालेत, दुपारऐवजी आत्ताच येतील, वगैरे. मोठ्या माणसाशी फोनवर बोलताना मला मध्ये कुणी बोललेलं खपत नाही. मेहुणा येऊन समोर उभा राहिला, काही म्हणायला लागला, आणि मी हात वर करून त्याला गप्प केलं. बिचारा गप्प उभा राहिला. माझं "हो मॅडम, नक्की मॅडम, आमचं सगळं व्यवस्थित चालू आहे मॅडम" संपेपर्यंत एक शब्द बोलला नाही. फोन ठेवल्यावर माझं त्याच्या हाताकडे लक्ष गेलं. त्याच्या हातात नळाचं डोकं होतं.

"हे निघालं भावोजी," तो म्हणाला.

"मग बाकीचा नळ?"

"तो चालू आहे."

बाथरूममध्ये कारंजं उडत होतं. खोलीतलं पाणी अर्ध्या बोटावरून घोट्यापर्यंत येऊन हॉलची चौकशी करायला निघालं होतं. मेहुणा मुख्य चावीकडे धावला आणि तितक्याच वेगाने परत आला. पेटीला कुलूप. किल्ली सेक्रेटरींच्या खिशात. खिसा सेक्रेटरींबरोबर बाजारात. पाणी त्यांच्या परवानगीशिवाय बंद होणार नव्हतं, आणि झालंही नाही. आम्ही नळाच्या तोंडात चिंध्या, चादर, शेवटी मेहुण्याचा अंगठा असं सगळं कोंबून पाहिलं. टक्केकाका हॉलमध्ये स्टुलावर चढून "हे प्रातिनिधिक राहिलं नाही" असं पुन्हा पुन्हा सांगत होते.

तेवढ्यात फोन वाजला. पुन्हा मॅडम.

"तुमच्याच इमारतीतून आमच्या एका ग्राहकाचा फोन आलाय. छतातून पाणी येतंय. तुमच्या खालचंच घर. ताबडतोब जा. आणि तुमची वेळ मोजली जातेय, लक्षात ठेवा."

खालच्या घरात भूगोलबाई राहतात. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, पण निवृत्त झाल्या हे त्यांना कुणी नीट समजावून सांगितलेलं नसावं. अजून गल्लीतली मुलं त्यांच्याकडे शिकायला येतात. त्या सगळ्या जगाला 'तू' म्हणतात आणि सगळं जग त्यांच्यासमोर हात मागे बांधतं. मेहुण्याचा अंगठा नळात ठेवून मी जिना उतरलो आणि बेल वाजवली. बाईंनी दार उघडलं तेव्हा फोन अजून त्यांच्या कानाला होता आणि डोक्यावर छत्री होती. घरात.

"आलास? अजून माझं सांगून झालं नाही," त्या म्हणाल्या.

माझ्यामागे बूट वाजले. पाहणी अधिकारी. पोरगेलासा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओलावा मोजायचं यंत्र, हातात नोंदी करायचा टॅब. त्याने घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"ग्राहकाचा फोन ठेवून व्हायच्या आत तुम्ही दारात? हा विक्रम आहे."

जिन्यातून टक्केकाकांचा आवाज आला. "धरता येणार नाही! अपवादात्मक नोंद! सरासरी काढताना वगळावी लागते!" आयुष्यात एकदाच मी हिरव्या रेघेच्या वर गेलो, तर माझ्याच सल्लागाराने मला वगळलं.

आत गेलो आणि माझं हसू गेलं. छताचा पोपडा बरोबर त्या भिंतीवर सुटला होता जिथे बाईंचे नकाशे होते. छापील नव्हेत. नोकरीच्या सगळ्या वर्षांत, दर सुट्टीत, एकेक करून बाईंनी स्वतः रंगवलेले. पाठीला कापड लावलेले जाड कागद, काही भिंतीवर, काही गुंडाळून उभे केलेले. पर्वत तपकिरी, मैदानं हिरवी, नद्या केसाएवढ्या बारीक. आता त्या सगळ्यांवरून पाणी ओघळत होतं. एका खंडाचा किनारा माझ्या डोळ्यांदेखत खाली सरकला. अर्ध्या जगात पूर आला होता आणि तो मी आणला होता.

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी छत्री एका वाळवंटावर धरली, दांडा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "याला तू बघ. मला तिकडच्यांना बघू दे."

अधिकाऱ्याने भिंतीला यंत्र लावलं. "उगम?"

"काय?"

"पाणी कुठून आलं? पाइप, छप्पर, टाकी?"

मी ताठ झालो. "वर मी राहतो. पाणी माझं आहे. तुम्हाला काम दाखवायला म्हणून मीच खोली भिजवली. तेव्हा विम्याकडून एक पैसा मागणार नाही. आणि काम मात्र बघायचं ते बघा."

त्याने टॅबवरची यादी खालीवर सरकवून पाहिली. बहुधा हे उत्तर त्याच्या पर्यायांत नव्हतं. मग म्हणाला, "ठीक आहे. पाहणी कामाची असते. पण मग मापदंडाप्रमाणे करा. खोली मोकळी करा, भिजलेला कागद फेकून द्या, यंत्रं पूर्ण वेगात लावा, तीन दिवसांत खोली कोरडी. तुम्हाला जमेल."

"हा कागद नाही. नकाशे आहेत."

"मापदंडात तो कागदच आहे. भिजलेला कागद दुरुस्त करणं कुणालाच परवडत नाही. नवे नकाशे बाजारात मिळतात."

बाई वळल्या. "बाळ, सरळ उभा राहा." तो सरळ उभा राहिला. "बाजारातल्या नकाशावर ही खाडी अशी दिसते का? हिच्यासाठी मी पूर्ण एक उन्हाळा घालवलाय."

"मॅडम, तसं नाही, सरासरीने..."

तो शब्द ऐकला आणि माझं टाळकं फिरलं. "सरासरी गेली खड्ड्यात!" मी म्हणालो. हे मी फोन ठेवायच्या आधी म्हणालो, म्हणजे समोरासमोर, आणि मला एकदम हलकं वाटलं. "यंत्रं पूर्ण वेगात लावली तर रंग तडकेल आणि कागद पापडासारखा वळेल. हे सावकाश वाळवावं लागतं. टिपकागदात घालून, उलटून, पुन्हा उलटून. तीन दिवसांत होणार नाही. तुम्ही तुमच्या टॅबवर काय लिहायचं ते लिहा."

त्याने लिहिलं.

मग सुरू झालं ते काम मी आयुष्यात विसरणार नाही. सेक्रेटरी बाजारातून आले, कुलूप उघडलं, मेहुण्याचा सुरकुतलेला अंगठा सुटला. नकाशे एका घरात मावेनात. आमच्या पलंगावर दोन महासागर पसरले, त्यामुळे आम्ही नवरा-बायको जमिनीवर आलो. हिमप्रदेश टक्केकाकांकडे गेला. बाकीचं जग मजल्यामजल्यावर वाटलं. सेक्रेटरींनी "जिन्यात नकाशे वाळत घालायला नियमात परवानगी नाही" अशी पाटी लावली, आणि संध्याकाळी स्वतःच येऊन विचारलं की त्यांच्या जेवणाच्या टेबलावर एखादा लहान देश मावेल का.

सल्ल्यांना तोटा नव्हता. एक शेजारीण म्हणाली मीठ टाका. दुसरी म्हणाली तांदळात ठेवा, तिच्या मुलाचा मोबाइल तसाच बरा झाला होता. एका गृहस्थांनी तर आल्याआल्या इस्त्री गरम केली. ती बायकोने त्यांच्या हातातून काढून घेतली, एका नदीचा जीव वाचला.

मध्ये दुसरीकडून कामाचे फोन आले. यंत्रं बाईंच्या भिंतीपाशी अडकलेली, मेहुणा टिपकागद उलटतोय. आम्ही कुठे उशिरा पोचलो, कुठे पोचलोच नाही. टक्केकाका रोज हॉलमध्ये येऊन माझी लाल रेघ आणखी खाली ओढायचे. शेवटी रेघ आलेखाच्या कागदाबाहेर पडली. त्या दिवशी त्यांनी भिंतीवरच पेन्सिल टेकवली, थांबले, पेन्सिल कानावर ठेवली आणि म्हणाले, "माझ्याकडच्या हिमनद्या उलटायची वेळ झाली." मग आलेखाला ते परत शिवले नाहीत.

सगळं वाळल्यावर विमा कंपनीने मला आणि मेहुण्याला बोलावलं. गुळगुळीत टेबल, मॅडम, पाहणी अधिकारी, आणि शहरभर निळ्या गाड्या पळवणाऱ्या मोठ्या कंपनीचे मालक. ते आदर्श म्हणून बसवले होते. त्यांना पाहताच मला आमच्या भिंतीवरची हिरवी रेघ आठवली. ती टाय लावून बसली होती.

मॅडमनी पडद्यावर माझे मापदंड दाखवले. वेळ, नापास. खर्च, नापास. दर माणशी काम, याचा तर आलेखातला खांबच दिसत नव्हता, मला वाटलं पडदा खराब आहे. मग अधिकारी घसा खाकरून म्हणाला, "ग्राहकाचं समाधान यात मात्र..." आणि थांबला.

"काय?" मॅडम म्हणाल्या.

"मी बाईंना दहापैकी गुण द्यायला सांगितलं. त्यांनी मलाच माझ्या शुद्धलेखनाचे गुण दिले. म्हणून ती जागा रिकामी आहे."

निळ्या गाड्यांचे मालक सौजन्याने हसले. "भावनेने धंदा होत नाही हो. जुनं फेकायचं, नवं द्यायचं, पुढच्या घरी जायचं."

मॅडम वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, "तुमचं काम मला माहीत आहे. यापुढे सामान वाचवत बसणार नाही, मापदंडाप्रमाणे बदलून द्याल, एवढं फक्त मान्य करा. मी तुम्हाला ठेवते."

मी मेहुण्याकडे पाहिलं. त्याने अंगठा मुठीत लपवला होता. घरी बायको वाट बघत असणार होती. निघताना ती एवढंच म्हणाली होती, "काहीही करून या, फक्त तोंड पाडून येऊ नका."

"मॅडम," मी म्हणालो, "घरात पाणी शिरलं की माणूस दारात उभा राहून एकाच गोष्टीकडे बोट दाखवतो. तेवढं वाचवा म्हणतो. कुणाचा फोटो असतो, कुणाची पेटी, कुणाची खाडी. ते फेकून देणं मला जमणार नाही. तुमची सरासरी तुम्हाला लखलाभ. मी तिच्या खाली राहीन. खाली राहायची मला सवय आहे, आणि पाणी काढायचं असेल तर तसंही खालीच उतरावं लागतं."

एवढं भारी बोलून मी झोकात उठलो, दाराशी गेलो आणि ढकललं. दार हललं नाही. पुन्हा ढकललं.

"भावोजी," मेहुणा हळूच म्हणाला, "ओढायचंय."

ओढलं आणि बाहेर पडलो. तोंड पाडलं नाही.

काम कमी झालं, हे खोटं कशाला सांगू. ओलावा ओढणारं एक यंत्र विकावं लागलं. निळ्या गाड्या रस्त्यात भेटतात तेव्हा मेहुणा हॉर्न वाजवतो, मी वाजवू नको म्हणत नाही. अधूनमधून कुणीतरी फोन करून विचारतं, "तुम्ही फेकत नाही म्हणे?" आणि आम्ही निघतो.

परवा भूगोलबाईंनी वर्गाला बोलावलं. मला, शिकायला. भिंतीला नवा रंग होता आणि नकाशे परत टांगले होते. किनारे थोडे फिकट, पण जागच्या जागी. फक्त त्या छत्रीखालच्या वाळवंटात, जिथे मी छत्री तिरकी धरली होती तिथे, शेजारच्या समुद्राचा निळा रंग उतरून एक डाग राहिला होता. तो मी पुसून, रंगवून देतो म्हणालो होतो. बाईंनी देऊ दिला नाही. त्यांनी त्या डागाला बारीक काळा काठ काढला होता आणि सुंदर अक्षरात शेजारी लिहिलं होतं : 'वरच्या मजल्याचं सरोवर.'

पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "बाई, हे सरोवर खरं आहे का?"

बाईंनी छडी माझ्याकडे वळवली. "याला विचार. यानेच आणलंय."

सगळा वर्ग माझ्याकडे वळला. मी उभा राहिलो, हात मागे बांधले.

"खरं आहे," मी म्हणालो. "अजून वाळतंय. आम्हाला घाई नाही."